रिळं बांगड्यांत गेली, हार्डडिस्क भंगारात चालल्या

मित्रहो, पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा. सुरुवात सिनेमापासून आहे, पण विषय आपल्या बाजारपेठेतल्या फोटो स्टुडिओपर्यंत येणार आहे.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची ती आठवण. आपल्याकडं सिनेमाचा विषय निघाला की आपण छाती पुढं काढून सांगतो, आमच्या बाबूरावांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला, १९२० साली ‘सैरंध्री’ काढला, लोकमान्यांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. हे सगळं खरंय. कीचकवधाचं दृश्य तर इतकं हुबेहूब वठलं होतं की ते पुढं कापावं लागलं. पण कुणी उलटून म्हटलं, बरं, तो ‘सैरंध्री’ दाखवा की जरा, तर आपण गप्प. कारण ‘सैरंध्री’ आज नाही. स्मारक आहे, नावं आहेत, किस्से आहेत. ज्याच्यासाठी हे सगळं, ते काम नाही.

एकट्या कोल्हापूरचं हे दुखणं नाही. आपल्या देशात तेराशेच्या वर मूकपट निघाले. आज अख्खे आणि तुकडे सगळे धरून तीसच्या आसपास उरलेत. एवढं मोठं काम दोन पिढ्यांत कसं काय नाहीसं झालं, याची कारणं शोधायला गेलं तर कुणी आक्रमक, कुणी परका सापडत नाही. सापडतो तो आपल्यासारखाच हिशेबी माणूस, ज्याच्या गोदामात जागा कमी पडत होती.

आधी त्या फिल्मची जात समजून घ्या. १९५० च्या आसपासपर्यंत सिनेमा नायट्रेट फिल्मवर निघायचा. ही फिल्म पडद्यावर दिसायची सुंदर, पण स्वभाव बंदुकीच्या दारूसारखा. एकदा पेटली की विझवता येत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन ती स्वतःच सोडते. पाण्याखालीसुद्धा जळत राहते. आणि कुजायला लागलेली फिल्म चाळीस अंशांच्या आसपासच्या उष्णतेतही आपोआप पेट घेऊ शकते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय तापमान असतं ते सांगायला नको. म्हणजे जुना सिनेमा सांभाळायचा तर घरात सुरुंग सांभाळल्यासारखं होतं.

दुसऱ्या बाजूला त्याच फिल्मला भंगारात भाव होता. काळ्यापांढऱ्या फिल्मच्या लेपात चांदी असते. लेप धुऊन चांदी काढायची आणि खाली उरलेला सेल्युलॉइडचा पट्टा विकायचा. त्यापासून बांगड्या व्हायच्या. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातात कुठल्या सिनेमाचं कुठलं रीळ किणकिणत होतं, कुणाला ठाऊक.

यावर शेवटचा घाव १९३१ ला बसला. १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, सिनेमा बोलायला लागला, आणि गोदामात पडलेल्या मुक्या सिनेमांची किंमत शून्यावर आली. थेटरवाला ते लावणार नाही, वितरक उचलणार नाही, वर जागेचं भाडं आणि आगीची धास्ती. त्या काळच्या एखाद्या मालकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. चांदीवाला दारात उभा आहे, रोख पैसे देतोय. तुम्ही काय केलं असतं? मला तर त्या मालकांना शिव्या घालायचा धीर होत नाही. काम पूर्ण झालं, पैसे वसूल झाले, आता हे जपायचं कशासाठी आणि कुणाच्या खर्चानं, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर त्यांच्या वहीत कुठंच लिहिलेलं नव्हतं. आजच्याही वहीत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गंमत बघा, ज्या ‘आलम आरा’नं मूकपटांना भंगारात काढलं, तोही उरला नाही. इथं पी. के. नायर यांचं नाव घ्यावंच लागतं. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पुढची जवळपास तीन दशकं या माणसानं गावोगाव हिंडून, थेटरमालकांच्या, निर्मात्यांच्या, त्यांच्या वारसांच्या मागं लागून रिळं गोळा केली. सुमारे बारा हजार चित्रपट त्यांच्या काळात जमा झाले असं मानतात. हे नायर ‘आलम आरा’साठी अर्देशीर इराणींकडं गेले होते. म्हातारे इराणी म्हणाले, पडली असतील दोन-तीन रिळं कुठंतरी. निघताना त्यांच्या मुलानं नायरांना हळूच सांगितलं की ती रिळं कधीच गेली, चांदी काढून विकली. हा किस्सा नायर स्वतः सांगायचे. देशातला पहिला बोलपट, आणि त्याचा शेवट निर्मात्याच्या घरातच झाला, काहीही वाईट हेतू नसताना.

फाळक्यांचंही बघा. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला गिरगावात लागला, हे आपण शाळेपासून पाठ केलंय. पुण्याच्या संग्रहात त्याचं पहिलं आणि शेवटचं रीळ आहे. पण अभ्यासकांमध्ये वाद असा आहे की यातलं दिसतं ते १९१३ चं की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या हरिश्चंद्राचं? वस्तू हातात आहे, पण ती नेमकी कोणती हे खात्रीनं सांगता येत नाही! वस्तू राहण्याइतकंच तिच्यावरची चिठ्ठी राहणं का महत्त्वाचं, ते यावरून कळतं. त्या मानानं १९१९ चा ‘कालिया मर्दन’ बराचसा हाती आहे. त्यात फाळक्यांची लहानगी मंदाकिनी कृष्ण झालीय. आज शंभर वर्षांनंतरही ती पोर पाण्यात कालियाशी झुंजताना बघितली की हसू येतं आणि पोटात कालवतं. तिच्या मागंपुढं अशा किती पोरी-पोरं नाचली असतील, ती सगळी चांदीवाल्याकडं गेली.

आता तुम्ही म्हणाल, प्रभातचे सिनेमे तर आहेत की. आहेत. १ जून १९२९ ला कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी अशा पाच जणांनी प्रभात काढली, १९३३ ला ती पुण्याला गेली. ‘आलम आरा’नंतर वर्षाच्या आत, १९३२ च्या सुरुवातीला आलेला त्यांचा ‘अयोध्येचा राजा’ आज बघायला मिळतो. शिल्लक असलेला सगळ्यात जुना भारतीय बोलपट म्हणून त्याचीच नोंद होते. एका वर्षाचं अंतर, पण एक गेला, एक राहिला. का?

एक तर प्रभातचे बोलपट कमावत राहिले. ‘संत तुकाराम’ १९३६ ला लागला आणि मुंबईत वर्षाहून जास्त चालला. असला सिनेमा मालक जीव लावून जपतो, कारण त्याच्या निगेटिव्हमधून दरवर्षी नव्या कॉप्या निघतात. याच प्रभातच्या मूकपटांबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. दुसरं म्हणजे माणसं. १९५३ ला कंपनी बंद झाली, लिलाव झाले, सिनेमांचे हक्क बाहेर गेले, आणि पुढं दामल्यांच्याच घरातल्या पुढच्या पिढीनं ते परत मिळवले. तिसरा भाग निव्वळ नशिबाचा. ज्या आवारात स्टुडिओ होता तिथंच १९६० ला सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि नंतर संग्रहालयही. सिनेमाची किंमत कळणारी माणसं त्याच जागेवर येऊन बसली. तिथं अपार्टमेंट झालं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

आणि तरीही आग चुकली नाही. ८ जानेवारी २००३ ला त्याच आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या जुन्या कोठाराला आग लागली. शेकडो सिनेमांची हजारो रिळं गेली. काहींच्या कॉप्या आधीच सुरक्षित फिल्मवर काढलेल्या होत्या, त्या वाचल्या. ज्यांची दुसरी कॉपी नव्हती त्यांचा विषय त्या दिवशी संपला.

कोल्हापूरचं जयप्रभा तर १९४८ ला गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत पेटलं. भालजी पेंढारकरांच्या स्टुडिओसोबत त्यांचा ‘मीठ भाकर’ही त्यात गेला. भालजींनी तो पुन्हा काढला. अख्खा सिनेमा पुन्हा! तेवढी छाती असलेला माणूस एखादाच. २०२२ ला याच जयप्रभाच्या जागेवरून आंदोलन झालं, कोल्हापूरकर रस्त्यावर आले, ते योग्यच होतं. पण त्या सगळ्या गदारोळात चर्चा होती ती जागेची, सातबाऱ्याची, वारसा यादीची. आत काय उरलंय, कागद, फोटो, नकाशे, हिशेबाच्या वह्या, यातलं काय कुणाकडं आहे, यावर बोललेलं मला फार काही ऐकू आलं नाही. आपण वास्तूसाठी भांडतो. वास्तूत झालेल्या कामाची यादीसुद्धा कुणाकडं नसते.

हे सगळं सेल्युलॉइडचं झालं, आता तर सगळं कॉम्प्युटरवर आहे, जळायचं कारणच नाही, असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी एक गोष्ट अमेरिकेतली.

१९९८ साल. पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ चं काम चालू होतं. एका कर्मचाऱ्यानं सर्व्हरवर चुकून एक आज्ञा दिली, ‘इथलं सगळं पुसून टाक’ अशा अर्थाची. कॉम्प्युटर आज्ञाधारक. समोर बसलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत वुडी नावाच्या बाहुल्याची टोपी गेली, मग बूट गेले, मग वुडीच गेला. कुणीतरी धावत जाऊन मशीनची वायर उपटायला लावली, तोवर सिनेमाचा नव्वद टक्के भाग पुसला गेला होता. घाबरायचं कारण नाही, बॅकअप आहे, असं म्हणून टेप लावल्या तर कळलं, गेला महिनाभर बॅकअप नीट झालेलाच नाही. टेप भरल्या होत्या, आणि पुढचं काही उतरत नव्हतं हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

वाचवलं कुणी? गॅलिन सुस्मन नावाची तांत्रिक विभागातली बाई. तिला नुकतंच मूल झालेलं होतं, म्हणून ती घरून काम करायची आणि तिच्या घरच्या मशीनवर सिनेमाची कॉपी होती. ती मशीन ब्लँकेटमध्ये गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधून, बाळंतिणीला दवाखान्यातून आणावं तशी स्टुडिओत आणली. त्यातून सिनेमा पुन्हा उभा राहिला. (गंमत म्हणजे नंतर गोष्टच पसंत पडली नाही आणि १९९९ ला प्रदर्शित होण्याआधी बहुतेक सगळा सिनेमा नव्यानं केला गेला. पण ते वेगळं.)

जगातला सगळ्यात पुढारलेला अॅनिमेशन स्टुडिओ, आणि त्याचा सिनेमा वाचला कशामुळं, तर कुणीतरी एक कॉपी घरी नेली होती म्हणून. फाळक्यांचे तुकडेही घरच्यांनी ठेवले म्हणूनच राहिले. ऐंशी वर्षांत तंत्र कुठल्या कुठं गेलं, पण जपणुकीची पद्धत तीच. कंपनीच्या व्यवस्थेवर काही राहत नाही, कुणाच्या तरी माळ्यावर राहतं.

खर्चाचंही ऐका. ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेच्या अकादमीनं २००७ ला याचा हिशेब मांडला होता. एका सिनेमाची मूळ प्रत फिल्मवर ठेवायला वर्षाला सुमारे १०५९ डॉलर लागतात आणि तोच ऐवज डिजिटल स्वरूपात ठेवायला सुमारे १२,५१४ डॉलर. जवळपास बारा पट. आपल्याला वाटतं उलट असेल. पण फिल्मचा डबा थंड, कोरड्या खोलीत ठेवून दिला की दशकानुदशकं तसाच राहतो. हार्डडिस्कचं तसं नसतं. ती नुसती कपाटात पडून राहिली तरी बिघडू शकते. दर काही वर्षांनी सगळं नव्या डिस्कवर, नव्या टेपवर उतरवावं लागतं, आणि ते उतरलं का हे माणसानं बसून तपासावं लागतं. आता डिस्क स्वस्त झाल्या, आकडे बदलले असतील. तो बसून तपासणारा माणूस मात्र स्वस्त झालेला नाही.

आपल्या सरकारनंही राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान काढलं, ५९७ कोटींचं. चांगलं झालं. मोठे सिनेमे त्यातून वाचतील. पण माझा प्रश्न मोठ्या सिनेमांचा नाही.

आपल्या गावात एक स्टुडिओ या दिवाळीला बंद होतोय. मालकांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही, आणि ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल. आपण सगळे त्यांना अण्णा म्हणतो. १९९० च्या दशकात त्यांनी व्हीएचएसच्या कॅमेऱ्यावर लग्नं घ्यायला सुरुवात केली, मग मिनी डीव्ही आली, मग मिक्सिंगचं युनिट टाकलं, काही वर्षं गावच्या केबलवर बातम्याही त्यांच्याच कॅमेऱ्यातून गेल्या. पोरगा पुण्यात अॅनिमेशनच्या कंपनीत आहे, तो इकडं येणार नाही. गेल्या आठवड्यात मी गेलो तर मागच्या खोलीत गोणपाटाच्या तीन पिशव्या भरून कॅसेट आणि एका खोक्यात नुसत्या हार्डडिस्क. अण्णा म्हणाले, “भंगारवाला डिस्कचे किलोवर देतोय ओ. कॅसेट घ्यायलाबी तयार न्हाई. तुमी घेऊन जातासा काय?”

त्या पिशव्यांत काय आहे ते मला थोडंफार माहीत आहे, कारण त्यातल्या कितीतरी ठिकाणी मी वही घेऊन अण्णांच्या शेजारी उभा होतो. नगरपालिकेच्या सभा आहेत. आता हयात नसलेल्या पुढाऱ्यांची भाषणं आहेत. जुनी वेस पाडायच्या आधीचा बाजार आहे. हौशी नाटकं आहेत, ज्यांची संहितासुद्धा कुणाकडं उरली नाही. आणि २००५ चा महापूर आहे, पाणी चढतानाचा आणि उतरतानाचा.

या शेवटच्याचं मोल सांगतो. कृष्णेच्या पाण्यानं २००५ ला, मग २०१९ ला, मग २०२१ ला आपल्याला बुडवलं. दरवेळी वाद एकच, पाणी कुठवर आलं होतं? पूररेषेच्या आत कोण, बाहेर कोण? आज नदीकडेला प्लॉट पडतायत, आणि “इथं २००५ ला पाणी नव्हतंच” असं छातीठोकपणे सांगणारे लोक आहेत. २०१९ चे व्हिडिओ तुमच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतील. २००५ ला गावात असले मोबाइल कुणाकडं होते? अण्णा होडीत बसून बाजारपेठेतून फिरले होते, कुठल्या दुकानाची पाटी किती बुडाली ते त्या कॅसेटवर दिसतं. तो नुसता आठवणींचा ठेवा नाही, पुरावा आहे.

त्या पुराच्या कॅसेट शोधल्या. दोन सापडल्या. एकीवर पहिली वीस मिनिटं पूर आहे, आणि त्यापुढं कुणाचं तरी बारसं. कोरी कॅसेट संपली असेल, गिऱ्हाईक दारात असेल, हीच हातात आली असेल. अण्णांना मी काही बोललो नाही. चंद्रावर पहिलं पाऊल पडलं त्या वेळच्या मूळ डेटाच्या टेप खुद्द नासानं पुसून पुन्हा वापरल्या. तिथं अण्णांना काय बोलणार?

कॅसेट निदान डोळ्यांना दिसते. हार्डडिस्कचं दुखणं आणखी अवघड. एक डिस्क सुरू झाली, फोल्डर उघडले. नावं काय, तर ‘न्यू’, ‘न्यू २’, ‘फायनल’, ‘फायनल फायनल’, ‘पाटील लग्न’. आपल्याकडं पाटील किती आणि लग्नं किती! मिक्सिंगच्या प्रोजेक्ट फाइली उघडल्या तर निम्म्या क्लिप ऑफलाइन, कारण प्रोजेक्ट एका डिस्कवर आणि शूटिंग दुसऱ्या, जी बहुतेक २०१९ च्या पाण्यात गेली. करिझ्मा अल्बमच्या पीएसडी आहेत, पण फोटोखालची नावं ज्या फाँटमध्ये लिहिली तो फाँट आता कुणाच्या मशीनवर नाही, त्यामुळं वधूवरांच्या नावाच्या जागी चित्रविचित्र चिन्हं. ज्यांनी श्रीलिपीत काम केलंय त्यांना हे कळेल. मी जिथं उमेदवारी केली त्या दैनिकाच्या तालुका कार्यालयातल्या पेजमेकरच्या पानांची आज तीच गत आहे. मजकूर आहे, पण तो मराठी राहिलेला नाही. आणि पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंची कथा यापेक्षा फार वेगळी नाही. अॅपलनं २०११ ला फायनल कटची नवी आवृत्ती आणली तेव्हा तिच्यात जुन्या आवृत्तीतले प्रोजेक्ट उघडेनात. रात्रीतून किती जणांची कित्येक वर्षांची कामं कुलूपबंद झाली. म्हणून जाणते लोक सांगतात, प्रोजेक्ट फाइल ठेवाच, पण सोबत कुठल्याही मशीनवर चालेल अशी पूर्ण झालेली प्रत ठेवा, वापरलेला फाँट, संगीत, फोटो त्याच फोल्डरात टाका, आणि एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहा की हे काय आहे, कुठलं, कधीचं, कुणाचं.

अण्णांच्या पोराशी फोनवर बोललो. तो म्हणाला, “काका, आमच्याकडं प्रोजेक्ट संपला की लगेच पुढचा घेत नाहीत. दोनेक आठवडे दोन माणसं फक्त आवराआवरीला असतात. काय ठेवायचं, काय पुसायचं, टेपवर उतरलं का, परत वाचून बघायचं. त्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या कोटेशनमध्येच धरलेले असतात.” मी म्हटलं, आणि बाबांच्या स्टुडिओत? तो हसला. “बाबांच्या कोटेशनमध्ये चहाचेपण धरलेले नसायचे.”

मला सगळ्यात पटलेलं हेच. मघाशी वहीचं म्हणालो ते इथं येतं. १९३१ च्या मालकाच्या वहीत जपणुकीचा रकाना नव्हता, अण्णांच्या नव्हता, नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातही नाही. आपण हे काम सवड मिळाली तर करायचा छंद समजतो. सवड कधीच मिळत नाही. आज गावात लग्नाचं पॅकेज दीड-दोन लाखांपर्यंत गेलंय, ड्रोन आहे, प्री-वेडिंग आहे. त्यात वेगळ्या डिस्कवरच्या दुसऱ्या प्रतीचे आणि पाच वर्षांनी ती तपासायचे म्हणून दोन-तीन हजार लावले तर कोण नाही म्हणणार? स्टुडिओवाल्या मित्रांनो, तुम्हीच सांगा, कुणी विचारलंय का कधी गिऱ्हाइकाला?

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. या पिशव्यांतलं सगळंच गावाचं नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटो-व्हिडिओचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो, असं आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो. म्हणजे लग्नाच्या कॅसेट अण्णा मला देऊ शकत नाहीत आणि मी त्या कुठं दाखवू शकत नाही. शिवाय लोकांच्या घरातल्या गोष्टी असतात, मोडलेली लग्नं असतात, गेलेली माणसं असतात. त्या कॅसेट ज्यांच्या त्यांना परत जायला पाहिजेत. हार्डडिस्क भंगारात द्यायलाही माझा विरोध आहे तो याचसाठी. त्यावर तुमच्या-माझ्या घरच्या बायकापोरांचे फोटो आहेत, आणि किलोवर गेलेली डिस्क पुढं कोण उघडून बघेल याचा नेम नाही.

तूर्त असं ठरलंय. तीन पिशव्यांपैकी दोन अण्णांच्या घरी माळ्यावर आणि एक माझ्याकडं वरच्या मजल्यावर. माझं घर पुराच्या पाण्याच्या बाहेर आहे, निदान आजवर होतं. वाचनालयाच्या मंडळींशी बोललोय, ते एक कपाट द्यायला तयार आहेत, त्यांचाही तळमजला आहे ही पंचाईत. अण्णा रोज दुपारी दुकानात बसून आठवेल तसं रजिस्टरमध्ये लिहितायत, कॅसेटचा नंबर, साल, प्रसंग, कोण दिसतंय. त्यांचं वय पंच्याहत्तर. दिसणारी माणसं ओळखणारे गावात आता तेच.

अडलंय ते असं. मिनी डीव्हीची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला चालू स्थितीतला कॅमेरा लागतो आणि फायरवायरची वायर आणि तो पोर्ट असलेलं जुनं मशीन. एक तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो, घाई करता येत नाही. अण्णांच्या कॅमेऱ्याचं हेड गेलंय, टेप चावतो. तुमच्यापैकी कुणाच्या कपाटात असा कॅमेरा असेल, चालू असो वा बंद, तर कळवा. बंद असला तरी सुट्या भागांना उपयोगी पडेल. २००५ च्या पुराची अजून कुणाकडं कॅसेट, सीडी, फोटोची रिळं असतील तर त्यावर दुसरं काही घेऊ नका, तशीच ठेवा आणि सांगा. आणि ज्यांच्या घरी १९९५ ते २०१२ च्या दरम्यान अण्णांनी शूटिंग केलंय त्यांनी दुकानात जाऊन आपली कॅसेट ओळखून घेऊन यावी. दुकान धनत्रयोदशीपर्यंत उघडं आहे, संध्याकाळी पाच ते आठ. त्या बारशाच्या कॅसेटवाल्यांनीही यावं. बाळ आता वीस वर्षांचं असेल. त्याला त्याच्या बारशाची प्रत मिळेल, आमची फक्त पहिली वीस मिनिटं आहेत.